चौदाव्या होलचे पाच

१४ जानेवारी २०१९

मार्नी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते उघडलं नसतंस, म्हणून पत्ता अर्लीनकडून लिहून घेतला. माझ्या बायकोचं अक्षर अजून शाळेतल्या बाईंसारखं सुबक आहे आणि तुझं तिच्याशी कधी वाकडं नव्हतं. लबाडी आहे खरी, पण सत्त्याहत्तराव्या वर्षी माणसाला एवढी माफ असावी.

आधी कामाचं. युनिव्हर्सिटीने गोल्फसाठी नवी इमारत बांधली आहे. मुलांची टीम आणि मुलींची टीम आता एकाच छताखाली. बाहेर गुडघाभर बर्फ असला तरी आत पोरंपोरी अर्ध्या बाह्यांत चेंडू मारतायत, असा मोठा हॉल. २७ एप्रिलला उद्घाटन आहे. ऑफिसातली पॅम म्हणते तुला दोनदा निमंत्रण गेलं आणि तू हो म्हणत नाहीस की नाही म्हणत नाहीस. ती मला म्हणाली, "कोच, तुम्हीच एक ओळ टाका ना. तुमचं ऐकेल ती." मी म्हटलं, बाई, तू इथे नवीन आहेस.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. इमारतीला माझं नाव देतायत. माझ्या हाताखालचा एक पोरगा, गस, छपरांचे पत्रे विकून गबर झाला. त्याने देणगी दिली आणि नावाची अट घातली. मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं, हे खरं. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ त्यांनी माझ्यावर आणली नाही आणि मीही आणू दिली नाही.

बेव्हच्या हाताखालच्या मुली येतायत, बऱ्याचशा. तुमच्या कोचने सतरा वर्षांत घडवलेल्या मुली एका ठिकाणी जमणार आणि त्यात तू नसणार, हे बरं दिसत नाही. त्या कार्डाची गोष्ट आता कोणाच्या लक्षातही नाही, मार्नी. नियम म्हणजे नियम. तुला लागला, उद्या मलाही लागला असता. पंचवीस वर्षं होतील येत्या मे महिन्यात. एवढ्या वर्षांत तर नदीसुद्धा पात्र बदलते.

ये. पॅमला एका ओळीने कळव. मला नाही कळवलंस तरी चालेल.

वेंडेल हार्म्स


११ फेब्रुवारी २०१९

मार्नी,

महिना झाला. उत्तराची आशा नव्हती, तरी रोज पत्रपेटीपर्यंत जातो. पन्नास पावलांत गुडघे दहा वेळा कुरकुरतात. अर्लीन म्हणते, "सरळ फोन का करत नाहीस?" फोन मला का नको वाटतो, ते मी तिला कधी सांगितलेलं नाही.

परवा तुझे वडील आठवले. १९९० च्या मार्चमध्ये बेव्ह मला ओढून तुमच्या गावी घेऊन आली होती. माझी गाडी चांगली होती म्हणून. मुलींच्या टीमला मिळालेली व्हॅन दर शंभर मैलांवर तापायची. नऊ होलचं ते मैदान. भोकाभोवती गवताच्या ग्रीनऐवजी तेल पाजलेली वाळू आणि चेंडू भोकाकडे ढकलण्याआधी लोखंडी पाइप ओढून वाट सारखी करून घ्यायची. तुझे वडील एमिल कुचेरा टोपी काढून उभे आणि तू पाइप ओढतेयस. मी बेव्हच्या कानात म्हटलं, "ही पोर आपल्या हिरवळीवर आली की बर्फावरच्या गाढवासारखी घसरेल."

बेव्हने माझ्याकडे बघितलंही नाही. "तुझ्या पोरांना वाट आयती मिळते, वेंडेल. ही स्वतः करून घेते. तू आपले कोलाचे खा आणि गप्प बस."

कोलाचे म्हणजे तुमच्याकडचे ते गोड पाव, तुझ्या आईने केलेले, जर्दाळूचे. मी पाच खाल्ले आणि गप्प बसलो.

तू घसरली नाहीस. दुसऱ्याच वर्षी तू टीममध्ये पहिल्या नंबरला होतीस. मी मुलांचा कोच, तरी माझी पोरं आडून आडून तुझं पटिंग, ते चेंडू भोकात ढकलणं, बघायला जायची हे मला माहीत होतं. मी कधी गेलो नाही. सकाळचं मैदान आमचं असायचं. तुम्ही दुपारी तीननंतर, वारा सुटल्यावर. नवे चेंडू आधी आम्हाला मिळायचे. वर्षभर माझ्या पोरांनी बडवून झाले की त्यांच्यावर तांबडी रेघ मारून ते तुमच्या बादल्यांत जायचे. बेव्ह माझ्या टेबलासमोर उभी राहायची, हातात तांबड्या रेघेचा चेंडू. "वेंडेल, उष्टं वाढतोस."

"बजेट, बाई, बजेट."

"बजेटला काय हात असतात? वाढणारा तू."

तेव्हा मला हे विनोद वाटायचे. आमचं चांगलं जमतं असं मी लोकांना सांगायचो. एका खोलीत दोन टेबलं, सतरा वर्षं. तिच्या टेबलाला खिडकी नव्हती.

१९९४ च्या मे महिन्यात बेव्ह हॉस्पिटलात पडली आणि विभागीय स्पर्धेला मुलींना मी घेऊन जावं असं वरून फर्मान आलं. माझी पोरं त्याच तीन दिवसांत टेक्सासला खेळत होती, माझ्या मदतनिसाबरोबर. माझं तोंड किती वाकडं झालं होतं ते तू पाहिलंस. तीनशे मैल मी रेडिओ बंद केला नाही, म्हणजे कोणी बोलायला नको.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण मला ते एकदा स्वतःच्या हाताने लिहायचंय. आपल्या खेळात आपला हिशेब आपण लिहीत नाही. बरोबर खेळणारी लिहिते. आपण तंबूत बसून प्रत्येक होलचा आकडा तपासायचा आणि सही करायची. खरे फटके जास्त आणि कार्डावर कमी असतील तर खेळाडू बाद. खरे कमी आणि कार्डावर जास्त असतील तर तो जास्तीचा आकडाच पक्का. सही झाली की देवही बदलू शकत नाही. चौदाव्या होलला तू चार फटके मारलेस, तिने पाच लिहिले, तू सही केलीस. चार असते तर तू एका फटक्याने पुढे होतीस, सरळ राष्ट्रीय स्पर्धेला. पाच झाले म्हणून दुसऱ्या मुलीशी बरोबरी झाली, जादा होल खेळावे लागले आणि तू हरलीस. ज्या मुलीने कार्ड लिहिलं ती हमसून हमसून सांगत होती की चारच होते. पंचांनी तिला पाणी दिलं. बाकी काही देण्यासारखं त्यांच्याकडे नव्हतंच.

तू सही केलीस तेव्हा मी फोनवर होतो. टेक्सासचे आकडे विचारायला. दोन मिनिटं. आणि आपलं कार्ड आपणच तपासायचं असतं, हे पुस्तकातच आहे, मी काही नवीन सांगत नाही.

हे पत्र पुन्हा वाचलं तर टाकणार नाही, म्हणून वाचत नाही.

वेंडेल


१९ मार्च २०१९

मार्नी,

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की ती गोष्ट कोणाच्या लक्षात नाही. मी खोटं बोललो. निदान अर्धं खोटं, कारण माझ्या तरी लक्षात होती; उरलेलं अर्धं काल माझ्या डोळ्यांसमोर उलगडलं.

मुलींची आताची कोच शॅनन हिने मला नव्या मुलींशी बोलायला बोलावलं होतं. नवी इमारत, गोल मांडलेल्या खुर्च्या, नऊ मुली. शॅनन कार्ड तपासण्याबद्दल बोलत होती आणि बोलता बोलता हसून म्हणाली, "थोडक्यात काय, कुचेरा करू नका." जुन्या मुली हसल्या. नव्यांना कळेना, तर एकीने समजावलं, "अगं, कुचेरा करणं म्हणजे न बघता सही करणं. पूर्वी एक होती. आणि खुद्द कोच हार्म्स तंबूच्या दोरीपाशी उभे राहून तिला सांगत होते की होलन् होल वाच. तरी बाईने ऐकलं नाही."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. कौतुकाने, मार्नी. मी म्हणजे तो शहाणा माणूस, ज्याचं ऐकलं नाही.

एक मुलगी मात्र उठली. उंच, केस मागे बांधलेले. "कोच कुचेरांनी मला शिकवलंय," ती म्हणाली. "सहावीपासून. त्या माझं कार्ड दोनदा वाचून घ्यायच्या. वाळूवरच्या पाचपाच होलच्या खेळातसुद्धा." एवढं बोलून ती खोलीतून निघून गेली. शॅनन ओशाळली. "अरे देवा, ऑड्रा त्यांच्या गावची आहे, माझ्या डोक्यातच आलं नाही."

मी काय केलं? चष्मा पुसला.

तर आता लिहितो. दोन मिनिटं नव्हती. अकरा मिनिटं होती. क्लबहाऊसच्या आतला फोन, काचेजवळचा. माझा शेवटचा पोरगा टेक्सासमध्ये अठराव्या होलवर होता आणि मदतनीस मला एकेक फटका सांगत होता. काचेतून मला तंबू दिसत होता. तू आलीस. तंबूत शिरण्याआधी थांबलीस आणि आजूबाजूला बघितलंस. दोरीपाशी कोचने उभं राहायचं असतं, ही बेव्हची पद्धत. ती छोट्या वहीत प्रत्येकीचे आकडे टिपायची आणि कार्डाशी ताडून बघितल्याशिवाय कोणाला सही करू द्यायची नाही. आपण व्हॅनमध्ये बसण्याआधी तिने ती वही हॉस्पिटलातून माझ्याकडे पाठवली होती. माझ्या कोटाच्या खिशात होती. कोरी.

तू मला शोधत होतीस. मी तुला बघितलं. आणि मी काचेकडे पाठ केली, कारण पोराचा शेवटचा पट बाकी होता. हे वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षं लागली आणि लिहिल्यावर ते एका ओळीत मावलं.

पोराचा पट चुकला, ते जाऊ दे.

मग परतल्यावर मी हॉस्पिटलात गेलो. बेव्ह उशीवर इतकीशी दिसत होती. तिने विचारलं, "तू दोरीपाशी होतास ना?" आणि माझ्या तोंडून गेलं, "होतो. सांगितलंही तिला. बघितलं नाही पोरीने." मला वाटलं, आजारी बाई आहे, एवढ्याने तिचं काय बिघडणार आहे. खरं म्हणजे मला फक्त तिच्या नजरेतून सुटायचं होतं. तीच गोष्ट मग खात्यात पसरली. जुलैत बेव्ह गेली. तिने तुला मदतनीस म्हणून घ्यायचं ठरवलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. त्या जागेसाठीच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, जिला स्वतःचं कार्ड तपासता येत नाही ती दुसऱ्यांची काय तपासणार. टेबलाभोवती सहा जण होते. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं. मी कॉफी ढवळत बसलो.

आपल्या खेळात चेंडू नुसता केसभर हलला तरी खेळाडू स्वतः हात वर करतो, कोणी बघितलेलं नसलं तरी. एकेचाळीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं. नाकाने कांदे सोललेत म्हण.

मला तुझी क्षमा हवी आहे. हेच सांगायचं होतं. उद्घाटन बिद्घाटन सगळं निमित्त होतं.

वेंडेल


३० मार्च २०१९

कोच हार्म्स,

तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं शाळेच्या टपालाबरोबर आलं, ते मी स्टाफरूमच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. दुसरं ठेवून दिलं. तिसरं तीनदा वाचलं. अर्लीनला माझा नमस्कार सांगा आणि तिला पुन्हा पाकिटं लिहायला लावू नका.

तुम्ही दोरीपाशी नव्हता हे मला सांगायला तुम्ही पंचवीस वर्षं घेतलीत. कोच, मी तिथे होते. मला माहीत होतं.

तुम्हाला माहीत नाही ते मी सांगते. तुमच्यानंतर दोन दिवसांनी मी बेव्हकडे गेले. तिची नर्स मला आत सोडेना, पण बेव्हनेच आतून ओरडून सांगितलं, "येऊ दे गं तिला, ती काही चावत नाही." मी तिला सगळं सांगायलाच गेले होते. फोन, काच, सगळं. तुम्ही पाठ फिरवलीत ते मी पाहिलं होतं, हे तुमच्या पत्रात दिसत नाही म्हणून लिहिते. पाहिलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत तिने माझा हात धरला आणि विचारलं, "वेंडेल होता ना गं तिथे? तो म्हणाला, होतो म्हणून." आणि तिचा चेहरा, कोच. सतरा वर्षं ती तुमच्या टेबलापुढे उभी राहून चेंडू मागत होती, सकाळचे दोन तास मागत होती, न तापणारी व्हॅन मागत होती. तिला वाटत होतं की निदान एकदा, एकदा तरी त्या बाजूचा माणूस आपल्या मुलींसाठी दोरीपाशी उभा राहिला. खूश होती ती. श्वास पुरत नव्हता तरी खूश होती.

मी म्हटलं, "होते. सांगितलं त्यांनी मला."

"मग बघितलं का नाहीस, वेडे?" म्हणाली. आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. त्या हातात ताकद अशी नव्हतीच.

म्हणजे ती गोष्ट खात्यात तुम्ही एकट्याने नाही रुजवलीत. मीही पाणी घातलं. नंतर कोणी विचारलं तर काय सांगणार होते? बेव्हला मी खोटं सांगितलं म्हणून? ती गेल्यावर तर तोंडच शिवलं गेलं. पण एक नीट ध्यानात ठेवा. तुमच्यासाठी मी खोटं बोलले नाही. तिच्यासाठी बोलले.

माफीचं म्हणाल तर ती मला लिहू नका. माझ्याजवळ तिचं काय करू? गेल्या शनिवारी ऑड्राचा फोन आला होता. रडत होती. म्हणाली, "कोच, मी तुमचं नाव घेतलं की त्या हसतात." माझ्या नावाचं तिथे क्रियापद झालंय हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे, एका स्पर्धेत दुसऱ्याच युनिव्हर्सिटीच्या मुलीच्या तोंडून ऐकलं होतं. मी सोसलं. त्या पोरीने का सोसावं? ज्यांना खोटं सांगितलंत त्यांना खरं सांगा. भिंतीवर कोणाचं नाव लावायचं ते तुमचं तुम्ही बघा.

मी येणार नाही. २७ ला आमच्या मुलांची जिल्ह्याची स्पर्धा आहे. इथे मुलांची आणि मुलींची टीम मीच बघते. बादली एकच आहे, ज्याला जो चेंडू हाती लागेल तो त्याचा.

मार्नी कुचेरा


४ एप्रिल २०१९

मार्नी,

पत्र पोचलं. तू पाहिलं होतंस, ते मला माहीत नव्हतं. दोन दिवस मी त्याच एका ओळीपाशी अडकून आहे.

अर्लीनला सगळं सांगितलं. लग्नाला बावन्न वर्षं झाली आणि हे तिला परवा कळलं. ती भांडी घासत होती. हात पुसून म्हणाली, "बेव्हच्या अंत्यविधीला तू तिची शवपेटी खांद्यावर घेतली होतीस, वेंडेल." एवढंच म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. त्यानंतर जेवताना मीठ मागण्यापलीकडे आमचं बोलणं नाही.

खात्याच्या डायरेक्टरांना भेटून नाव काढा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, अक्षरं बसवून झाली आहेत, गसचा करार आहे, आणि कोच, तुम्हाला बरं वाटत नाहीये का. मी म्हटलं, पंचवीस वर्षांत आज पहिल्यांदा जरा बरं वाटतंय. त्यांना ती गंमत वाटली.

२७ ला मी बोलणार आहे. तुला कळवून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी मला पाठ फिरवता येणार नाही.

वेंडेल


२९ एप्रिल २०१९

मार्नी,

सांगून झालं. कसं झालं ते तुला कळवायला हवं, आणि त्यात मला शोभेल असं फारसं काही नाही.

अडीचशे माणसं. जेवायला तेच, वाटीभर खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचा गोड रोल. आपल्या राज्यात राजा मेला तरी आणि राजा आला तरी हेच वाढतील. पुढच्या दोन रांगांत माझी पोरं, पोटं सुटलेली, टकलं पडलेली. बेव्हच्या मुली मागच्या टेबलांवर. तिथेही मागेच बसवल्या होत्या. मला ते माईकपाशी उभं राहिल्यावर दिसलं.

मी कागद नेला नव्हता. म्हटलं, "इथे एक म्हण चालते, कुचेरा करणं. ती कुठून आली ते सांगतो." आणि फोन, काच, अकरा मिनिटं, खिशातली कोरी वही, हॉस्पिटल, ती बैठक, सगळं सांगितलं. तू बेव्हला काय म्हणालीस ते मात्र सांगितलं नाही. ते तुझं आहे.

गस पहिल्या रांगेतून हळूच म्हणाला, "कोच, आज कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि मग डायरेक्टर उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की असा प्रांजळपणा हीच या खेळाची शिकवण, आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. पोरं उभी राहिली. मार्नी, मी चोरी कबूल केली आणि मला टाळ्या मिळाल्या! मी हातांनी थांबवायला बघत होतो, त्यांना वाटलं अभिवादन करतोय. मागच्या टेबलांवरून एकही टाळी आली नाही. त्या बायका नुसत्या बघत होत्या. तुझ्याबरोबर खेळायची ती ठेंगणी लॉइस जाताना माझ्याजवळ थांबली. मला वाटलं हात पुढे करेल. "बेव्हला सांगायला हवं होतंत," म्हणाली आणि गेली. बरोबर बोलली. तो दरवाजा बंद झालाय आणि त्याच्यापुढे मी कितीही उभा राहिलो तरी उघडणार नाही.

नाव भिंतीवर आहे तसंच आहे. उतरवा म्हणून मी लेखी दिलंय, दर महिन्याला देत राहीन. शॅननने मुलींना ताकीद दिली आहे, ते क्रियापद पुन्हा ऐकू आलं तर बघा म्हणून. पण आज सकाळीच सरावाच्या हॉलमध्ये एकीच्या तोंडून सवयीने निघालंच, आणि तिने जीभ चावली. तोंडातून जायला दोनतीन वर्षं लागतील. मी असेन की नाही कोण जाणे. ऑड्राने तोवर त्यांच्याशी भांडत राहावं, भांडायला ती खमकी आहे.

तिच्याचबद्दल लिहायचं होतं. कार्यक्रमानंतर त्या नऊही जणी मला मागच्या जिन्यापाशी येऊन भेटल्या. ऑड्रा पुढे. मला वाटलं आता खरी हजेरी घेणार. मी तयार होतो.

ती म्हणाली, "कोच, मग चौदाव्याचे चार कसे झाले?"

मला प्रश्नच कळला नाही. दुसरी म्हणाली, "म्हणजे होल कसा होता? लांब? पाणी होतं?" तिसरी म्हणाली, "वारा कुठून होता? दुसरा फटका ग्रीनवर पडला का? पट किती लांबचा होता?" आणि सगळ्या थांबल्या. त्यांना खरंच ऐकायचं होतं. सगळ्यांना त्या पाचाचं पुराण पाठ आहे, चारांबद्दल कोणी त्यांना कधी बोललंच नव्हतं.

मला माहीत नाही, मार्नी. मी त्या दिवशी क्लबहाऊस सोडून गेलोच नव्हतो. त्या दिवशीच काय, चार वर्षांत मी तुझ्याबरोबर एकदाही अठरा होल चाललो नाही. माझ्या पोरांचे तीसतीस वर्षांपूर्वीचे फटके मला गवताच्या पात्यासकट सांगता येतात. तुझा एकही येत नाही. टीममधली पहिल्या नंबरची खेळाडू, आणि तू कशी खेळायचीस हे मी पाहिलंच नाही. वाळूवर तो पाइप ओढताना पाहिलं, तेवढंच. मी त्या मुलींना म्हटलं, "मला ठाऊक नाही." ऑड्रा म्हणाली, "त्याही कधी सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, जा, सरावाला लाग." जिन्यावर बसलो. उठायला दोघींनी हात दिला.

ज्या मुलीने कार्ड लिहिलं होतं तिने ते चार फटके पाहिले होते आणि तू मारले होतेस. जगात तुम्हा दोघींखेरीज कोणीच ते पाहिलेले नाहीत.

मला सांगू नकोस. ऑड्राला सांग. वारा कुठून होता, कुठल्या क्लबने मारलास, सगळं. त्या नऊजणी वाट बघतायत.

वेंडेल